क्यूएमू प्लगइन: फर्मवेअरला हात न लावता त्याच्या आत काय चाललंय ते कसं पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा: अंबड एमआयडीसीतली एक छोटी कंपनी शीतगृहाचे कंट्रोलर बनवते. कॉर्टेक्स-एम४ चिप, वर फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. बरेचसे बोर्ड पिंपळगाव-निफाडकडच्या शीतगृहांत बसवलेले आणि द्राक्षाचा हंगाम तोंडावर, त्यामुळे हाताशी बोर्ड कमी. म्हणून फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, क्यूएमूत चालवून तपासतात; क्यूएमू म्हणजे लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम. त्यांना तीन गोष्टी हव्यात. कुठलं फंक्शन सगळ्यात जास्त वेळ खातं? तापमानाचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) कधीतरी आपोआप बदलतो, तो नेमकं कोण लिहितं? आणि टेस्ट चालवताना खरोखर किती कोड चालतो? जीडीबी या डीबगरचा वॉचपॉइंट, म्हणजे मेमरीतल्या एका जागेवरची पाळत, लावला की सगळं रांगायला लागतं. एक सहकारी म्हणतो, क्यूएमूच्या सोर्समध्येच चार प्रिंट टाकू. ते करावं की प्लगइन लिहावं?

प्लगइन लिहा. सोर्समध्ये प्रिंट टाकायचा मोह मला चांगला कळतो, आपण सगळे त्याच शाळेतले. पण क्यूएमू ओळीओळीने इन्स्ट्रक्शन वाचून चालवणारा इंटरप्रिटर नाही, त्यामुळे "इथे इन्स्ट्रक्शन चालते" अशी एक जागा त्याच्या सोर्समध्ये सापडतच नाही. तुमच्या एआरएम कोडचे छोटे ब्लॉक तो घेतो, टीसीजी नावाच्या भागाकडून लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या कोडमध्ये रूपांतरित करतो, तो कोड साठवतो आणि पुढच्या वेळी साठवलेलाच थेट चालवतो. तुम्ही प्रिंट रूपांतराच्या फंक्शनमध्ये टाकली तर ती ब्लॉक पहिल्यांदा आला तेव्हा दिसेल आणि नंतरच्या लाखभर फेऱ्या गुपचूप निघून जातील. ती चालणाऱ्या कोडमध्ये घुसवायची तर टीसीजीची आतली भाषा शिकावी लागेल. आणि क्यूएमूची पुढची आवृत्ती आली की तुमचा पॅच पुन्हा बसवत बसायचं. छोट्या कंपनीत हे काम कोणाच्या गळ्यात पडतं ते तुम्हाला सांगायला नको.

नेमक्या याच अडचणीसाठी डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून क्यूएमूत प्लगइनची सोय आहे. प्लगइन म्हणजे सी भाषेत लिहिलेली एक शेअर्ड लायब्ररी. क्यूएमूच्या सोर्समधली एकच हेडर फाइल तिला लागते. तुम्ही दोन गोष्टी द्यायच्या: आपण प्लगइन एपीआयची कुठली आवृत्ती धरून लिहिलंय ते सांगणारा एक व्हेरिएबल आणि सुरुवातीला बोलावलं जाणारं एक इन्स्टॉल फंक्शन. त्या फंक्शनमध्ये "अमुक घडलं की मला बोलवा" अशी नोंदणी करायची. फंक्शनांची लांबलचक नावं इथे देत नाही. हेडर फाइल छोटी आहे, टिपांसकट लिहिलेली आहे, एका चहात वाचून होते.

आता मुख्य मुद्दा, कारण पहिलं प्लगइन लिहिणारे बहुतेक जण इथेच चुकतात. नोंदणी दोन वेगळ्या क्षणांची असते. एक क्षण रूपांतराचा: ब्लॉक तयार होताना क्यूएमू तुमच्या फंक्शनला बोलावतो. तेव्हा ब्लॉकमध्ये किती इन्स्ट्रक्शन आहेत, प्रत्येकीचा पत्ता काय, बाइट काय, तिचं असेंब्लीतलं रूप काय, ती कुठल्या फंक्शनमधली आहे हे सगळं विचारता येतं. दुसरा क्षण तो ब्लॉक प्रत्यक्ष धावण्याचा. धावताना काय घडावं हे रूपांतराच्या वेळीच ठरवून त्या त्या इन्स्ट्रक्शनला चिकटवायचं असतं. घोटीच्या टोल नाक्यावर फास्टॅगमुळे गाडी सुसाट जाते, कारण कागदपत्रं बघण्याचं काम टॅग देतानाच उरकलेलं असतं. इथेही तसंच: शोधाशोध, नावं जुळवणं, मेमरी मागणं, असेंब्लीचा मजकूर तपासणं, सगळं रूपांतराच्या वेळी. धावताना शक्यतो एका आकड्यात एक मिळवायचं, बस.

हे जमवण्याची किल्ली म्हणजे कॉलबॅक (क्यूएमूने बोलवायचं तुमचं फंक्शन) नोंदवताना सोबत देता येणारा पॉइंटर. रूपांतराच्या वेळी त्या पत्त्याची एक नोंद तयार करा, म्हणजे पत्ता, फंक्शनचं नाव आणि मोजणीचा रकाना, आणि तिचा पॉइंटर कॉलबॅकला द्या. धावताना तोच पॉइंटर हातात येतो, हॅश टेबल चाळावं लागत नाही. त्याहून पुढची पायरी म्हणजे कॉलबॅक नकोच, इनलाइन क्रिया द्यायची. "या आकड्यात एक मिळव" ही सूचना टीसीजी थेट तयार होणाऱ्या कोडमध्येच पेरतो, फंक्शन कॉलचा खर्चही वाचतो. नुसती मोजणी हवी असेल तर कायम इनलाइनच वापरा.

इनलाइनची जुनी तऱ्हा सगळ्या व्हर्च्युअल कोरना एकच आकडा वाटून द्यायची आणि अनेक कोर एकाच वेळी धावले की मोजणी गळायची. एप्रिल २०२४ च्या ९.० आवृत्तीत स्कोअरबोर्ड आले, म्हणजे प्रत्येक कोरला स्वतःचा रकाना आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. तुमचा कॉर्टेक्स-एम एकच कोर आहे, तुम्हाला आज फरक पडणार नाही. तरी स्कोअरबोर्डनेच लिहा. उद्या तेच प्लगइन चार कोरच्या लिनक्स बोर्डावर लावाल तेव्हा डोकं खाजवावं लागणार नाही. ९.१ मध्ये सशर्त कॉलबॅकही आले: आकडा एखाद्या मर्यादेपलीकडे गेला तरच फंक्शन बोलवा, तोवर नुसती इनलाइन तुलना.

उभारणीबद्दल थोडंसंच. डिस्ट्रोच्या पॅकेजवर विसंबू नका, सोर्स घेऊन स्वतः बिल्ड करा. टार्गेट फक्त एआरएमची सिस्टिम आवृत्ती ठेवा, नाहीतर जगातले सगळे प्रोसेसर कंपाइल होत बसतील. कॉन्फिगर करताना प्लगइन चालू करण्याचा पर्याय द्या. प्लगइन त्याच सोर्सच्या हेडरवर कंपाइल करा. आवृत्ती जुळली नाही तर क्यूएमू ते घेतच नाही, आणि ते चांगलंच आहे. चालवताना प्लगइनच्या पर्यायात फाइलचं नाव आणि स्वल्पविराम देऊन तुमचे स्वतःचे पर्याय. छापलेलं दिसत नाही अशी तक्रार हमखास येते: प्लगइनचं आउटपुट क्यूएमूच्या लॉगमधून जातं, म्हणून लॉगच्या पर्यायात प्लगइन हा प्रकार चालू करावा लागतो. आणि अहवाल बहुधा बाहेर पडतानाच्या कॉलबॅकमध्ये छापलेला असतो, त्यामुळे क्यूएमू नीट बंद करा: कंट्रोल-ए आणि मग एक्स, किंवा फर्मवेअरमधून सेमीहोस्टिंगने एक्झिट. किल मायनस नऊ मारलंत तर रात्रभराची मोजणी त्याच्यासोबत जाते.

केव्हीएमवर, म्हणजे कोड लॅपटॉपच्या प्रोसेसरवर थेट चालवण्याच्या सोयीवर, प्लगइन चालत नाहीत, कारण तिथे रूपांतरच होत नाही. एआरएम फर्मवेअर इंटेलच्या लॅपटॉपवर चालवताना तुम्ही टीसीजीवरच आहात, तेव्हा ही काळजी नाही.

पहिली गोष्ट: वेळ कोण खातं

इथे काही लिहायचीच गरज नाही. क्यूएमूच्या सोर्ससोबत तयार प्लगइन येतात, त्यांतलं हॉटब्लॉक्स सगळ्यात जास्त वेळा चाललेल्या ब्लॉकची यादी देतं: पत्ता, ब्लॉकमधल्या इन्स्ट्रक्शन, किती वेळा धावला. पत्ते तुमच्या मॅप फाइलशी (काय कुठल्या पत्त्यावर बसलंय ती लिंकरची यादी) किंवा पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणाऱ्या ॲडर-टू-लाइनशी जुळवा. कर्नलच्या पर्यायात बिन फाइल न देता ईएलएफ फाइल (जिच्यात फंक्शनची नावंही असतात) दिलीत तर तुमच्या प्लगइनलाही फंक्शनची नावं थेट मिळतात. जुळवताना एक बारकावा: कॉर्टेक्स-एमचा सगळा कोड थंब या इन्स्ट्रक्शन संचातला असतो, म्हणून ईएलएफच्या सिम्बॉल टेबलमध्ये फंक्शनच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ असतो. रीडएल्फमध्ये पत्ता विषम दिसतो, प्लगइनला मिळणारा पत्ता सम असतो. तो बिट काढून तुलना करा, नाहीतर "माझं फंक्शन कधी चालतच नाही" असा भलताच निष्कर्ष निघेल.

तुमच्यासारख्या फर्मवेअरमध्ये यादीच्या वरच्या टोकाला बहुतेकदा काय निघतं? पहिला नंबर आयडल टास्कचा, म्हणजे दुसरं काम नसताना चालणाऱ्या टास्कचा. तो बाजूला काढला की डबल प्रिसिजनची (६४ बिटांच्या दशांश आकड्यांची) गणितं करणारी कंपायलरची लायब्ररी फंक्शन. एम४ चं फ्लोटिंग पॉइंट युनिट सिंगल प्रिसिजनचं आहे. डबल आलं की प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरमध्ये होतो. आणि डबल कोणी मुद्दाम लिहिलेलं नसतं. पीआयडीच्या (तापमान सेटपॉइंटवर धरून ठेवणाऱ्या गणिताच्या) गुणांकात ०.१ च्या पुढे एफ लावायचा राहिला की सी भाषा ते डबल धरते आणि सगळं समीकरण तिकडे ओढलं जातं. ही गोष्ट प्लगइनच्या मोजणीत लख्ख दिसते आणि कोड वाचताना नजरेतून निसटते.

पण इथे थांबून एक गोष्ट पक्की करा: प्लगइन इन्स्ट्रक्शन मोजतं, वेळ नाही. क्यूएमूला पाइपलाइन नाही, फ्लॅशचे वेट स्टेट (मेमरीसाठी थांबण्याच्या सायकल) नाहीत. एम४ वर पूर्णांकांचा गुणाकार एका सायकलमध्ये होतो, भागाकाराला २ ते १२ सायकल लागतात, सिंगल प्रिसिजन भागाकाराला १४. प्लगइनच्या लेखी हे सगळं एक-एकच. एसटीएम३२एफ४०५ सारखी चिप १६८ मेगाहर्ट्झवर चालवली तर फ्लॅशला ५ वेट स्टेट लागतात. तो फटका चिपमधला ॲक्सिलरेटर बराचसा लपवतो, पण सगळा नाही. म्हणून "या बदलाने किती मायक्रोसेकंद वाचले" हे क्यूएमूला विचारू नका. ते तुमच्याकडे असलेल्या बोर्डावर, चिपमधल्या डीडब्ल्यूटीच्या सायकल काउंटरने मोजा. क्यूएमूला विचारायचं ते एवढंच की नजर कुठे लावायची. सोबतचं कॅश प्लगइनही असंच: एल१ कॅश, हवी तर एल२, आकार आणि रचना तुम्ही द्यायची, हिट-मिस ते मोजतं. लिनक्स चालवणाऱ्या मोठ्या प्रोसेसरच्या कोडसाठी उपयोगी आहे. तुमच्या एम४ मध्ये तसली कॅशच नाही, तेव्हा ते चालवून सुंदर तक्ते काढाल आणि त्यांचा अर्थ काहीच नसेल.

ब्लॉकच्या मोजणीत आणखी एक खाच. ब्लॉक सुरू झाला म्हणजे तो शेवटपर्यंत गेला असं नाही; मध्येच फॉल्ट आला तर उरलेल्या इन्स्ट्रक्शन चालतच नाहीत. आणि एकाच पत्त्याचं रूपांतर पुन्हापुन्हा होऊ शकतं, कारण साठवलेला कोड भरला की क्यूएमू तो पुसतो. रूपांतराच्या कॉलबॅकमध्ये दरवेळी नवी नोंद तयार केलीत तर एकाच फंक्शनच्या पाच नोंदी होतील. पत्ता ही किल्ली धरून जुनी नोंद असेल तर तीच वापरा. ब्लॉक आणि इन्स्ट्रक्शनचे जे हँडल क्यूएमू देतो ते त्या कॉलबॅकपुरतेच वैध असतात. ते साठवून नंतर वापरायचे नाहीत, हवी ती माहिती लगेच उतरवून घ्यायची.

वेळेचा घोळ: हे आधी लावा, मग बाकीचं

हा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण हा सोडला तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळूनही खोटं ठरेल. नेहमीच्या मोडमध्ये गेस्टचं, म्हणजे क्यूएमूत चालणाऱ्या फर्मवेअरचं, घड्याळ तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाबरोबर चालतं. फ्रीआरटॉसचा टिक (टायमरचा ठरावीक ठोका) १ मिलिसेकंदाचा धरा. समजा प्लगइनशिवाय क्यूएमू सेकंदाला १० कोटी इन्स्ट्रक्शन चालवतो. म्हणजे एका टिकपासून पुढच्या टिकपर्यंत १ लाख. जड प्लगइन लावून वेग वीसपट घसरला तर टिक तितक्याच वेगाने येत राहतात, पण एका टिकपासून पुढच्या टिकपर्यंत आता फक्त ५ हजार इन्स्ट्रक्शन बसतात. फर्मवेअरच्या दृष्टीने प्रोसेसर अचानक वीसपट मंद झाला. टास्कची अदलाबदल भलत्या ठिकाणी होते, टाइमआउट उडतात, वॉचडॉग (फर्मवेअर अडकलं तर चिप रीसेट करणारा टायमर) भुंकतो. तुम्ही शोधत होतात तो बग नाहीसा होतो किंवा त्याच्या जागी दुसराच उगवतो. जीडीबीच्या वॉचपॉइंटने "सगळं रांगतं" म्हणता त्यात याचाही वाटा असू शकतो.

उपाय म्हणजे आयकाउंट. त्यात गेस्टचं घड्याळ चाललेल्या इन्स्ट्रक्शनच्या संख्येला बांधलेलं असतं. शिफ्टचा आकडा ३ दिला तर प्रत्येक इन्स्ट्रक्शनला २ चा तिसरा घात म्हणजे ८ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला १२.५ कोटी. १६८ मेगाहर्ट्झच्या चिपसाठी हा अंदाज वाईट नाही. प्रत्येक इन्स्ट्रक्शन एका सायकलमध्ये होत नाही हे त्यात आपसूक आलं. आता प्लगइन कितीही जड असो, एका टिकपासून पुढच्या टिकपर्यंत १ लाख २५ हजार इन्स्ट्रक्शनच बसणार. प्लगइन नुसतं बघत असेल, तर त्याच्या असण्या-नसण्याचा फर्मवेअरला पत्ताही लागत नाही. शिफ्टला ऑटो देऊ नका, आकडाच द्या. ऑटोमध्ये क्यूएमू पुन्हा होस्टच्या घड्याळाशी जुळवायला बघतो. स्लीप बंद करण्याचा पर्यायही द्या, म्हणजे आयडल टास्क इंटरप्टची वाट बघत झोपला की घड्याळ थेट पुढच्या टायमरवर उडी मारतं. शीतगृहाचा रात्रभराचा प्रसंग मग तुमच्या जेवणाच्या सुट्टीतही उरकू शकतो.

आणि बाहेरून यादृच्छिक इनपुट येत नसेल तर आयकाउंटमध्ये दरवेळी तोच घटनाक्रम मिळतो. कधीतरी येणारा बग एकदा पकडला की हवा तितक्या वेळा तसाच उभा करता येतो. बाहेरून सिरियल किंवा नेटवर्क येत असेल तर रेकॉर्ड-रिप्ले वापरा, तेही आयकाउंटवरच उभं आहे.

दुसरी गोष्ट: सेटपॉइंट कोण बदलतं

सरळ रस्ता असा: रूपांतराच्या वेळी प्रत्येक इन्स्ट्रक्शनला मेमरी कॉलबॅक लावा, फक्त लिहिण्यासाठी, वाचण्यासाठी नको. कॉलबॅकला लिहिलेला पत्ता मिळतो. तो सेटपॉइंटच्या चार बाइटना स्पर्श करतो का बघा, करत असेल तर इन्स्ट्रक्शनचा पत्ता नोंदवा. तुलना करताना नुसती सुरुवात नको, लिहिण्याचा आकारही धरा. आठ बाइट लिहिणारी इन्स्ट्रक्शन चार बाइट आधी सुरू होऊन तुमच्या व्हेरिएबलवर येऊ शकते. ९.२ पासून लिहिलेली किंमतही कॉलबॅकमध्येच विचारता येते.

हे चालतं, पण खर्चिक आहे, कारण कुठली स्टोअर कुठे लिहिणार हे रूपांतराच्या वेळी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच कॉलबॅक. इथे मी करतो ती युक्ती सांगतो. सेटपॉइंट लिहायचा अधिकार तुमच्या कोडमध्ये एक-दोन फंक्शनांनाच असेल, मेनूचं आणि मॉडबस या संवादपद्धतीचं. त्यांच्या पत्त्यांची मर्यादा प्लगइनला पर्याय म्हणून द्या आणि त्या मर्यादेतल्या इन्स्ट्रक्शनला कॉलबॅक लावूच नका. मग अहवालात जे येईल ते सगळं संशयितच. जीडीबीत हेच करायला गेलात तर प्रत्येक वैध लिखाणावरही क्यूएमू थांबतो, जीडीबी अट तपासतो, मग पुढे. तिथेच वेळ जातो. या युक्तीची एकच अडचण म्हणजे मेमकॉपी, मेमरीचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे नकलणारं लायब्ररी फंक्शन. वैध फंक्शन मेमकॉपीतून लिहीत असेल तर मेमकॉपी संशयितांत दिसेल. तेव्हा तिथे रजिस्टर वाचून परतीचा पत्ता, म्हणजे लिंक रजिस्टर, नोंदवा. रजिस्टर वाचण्याची सोय ९.० पासून आहे. त्यासाठी इन्स्ट्रक्शनचा कॉलबॅक नोंदवताना "रजिस्टर वाचणार" हे सांगावं लागतं, आणि रजिस्टरची यादी कोर सुरू होतानाच्या कॉलबॅकमध्येच घेऊन ठेवावी लागते. मेमकॉपीच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर वाचलंत तर लिंक रजिस्टर अजून जागेवर असतं.

आता असं होईल की सेटपॉइंट बदलला, पण प्लगइनच्या यादीत एकही संशयित नाही. अशा वेळी प्लगइन बिघडलंय असं समजू नका. हा निकाल उलट फार मोलाचा आहे, कारण प्लगइनला फक्त गेस्टच्या लोड-स्टोअर इन्स्ट्रक्शनची मेमरी दिसते. दोन लिखाणं त्याला दिसत नाहीत. एक, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणाने मेमरीत लिहिणं): ते उपकरणाचं मॉडेल थेट मेमरीत लिहितं, इन्स्ट्रक्शनमधून जात नाही. दुसरं, कॉर्टेक्स-एमचं स्वतःचं इंटरप्ट स्टॅकिंग. इंटरप्ट आला की हार्डवेअर आठ रजिस्टर, म्हणजे ३२ बाइट, चालू स्टॅकवर ढकलतं. टास्क फ्लोटिंग पॉइंट वापरत असेल तर २६ शब्दांची, म्हणजे १०४ बाइटची जागा घेतं. क्यूएमूत हे काम त्याच्या स्वतःच्या सी कोडमध्ये होतं, तुमच्या कुठल्याही इन्स्ट्रक्शनमध्ये नाही. उलट फ्रीआरटॉस टास्क बदलताना उरलेली रजिस्टर ढकलतो ते इन्स्ट्रक्शननेच, म्हणून ते दिसतं.

तुमच्या लक्षणांवरून माझा पैसा इथेच आहे. "कधीतरी" बदलतो म्हणता, तर एखाद्या टास्कचा स्टॅक अगदी काठावर असणार, त्याच क्षणी इंटरप्ट येतो, १०४ बाइट खाली उतरतात आणि स्टॅकच्या खाली मेमरीत जो शेजारी असेल त्याच्यावर पडतात. मॅप फाइल उघडून सेटपॉइंटच्या लगेच वर कोणाचा स्टॅक आहे ते आधी बघा, त्याला प्लगइन लागत नाही. फ्रीआरटॉसची स्टॅक तपासणी दुसऱ्या पद्धतीवर ठेवा. ती स्टॅकच्या तळाशी भरलेला ए५ चा नमुना शाबूत आहे का ते टास्क बदलताना तपासते.

पक्का पुरावा हवा तर प्लगइनने स्टॅक पॉइंटरची नीचांकी पातळी नोंदवा. प्रत्येक इन्स्ट्रक्शनवर रजिस्टर वाचायला गेलात तर पुन्हा रांगायला लागेल. म्हणून रूपांतराच्या वेळी असेंब्लीचा मजकूर बघा आणि स्टॅक पॉइंटर कमी करणाऱ्या इन्स्ट्रक्शन तेवढ्या निवडा: पुश, व्हीपुश, स्टॅक पॉइंटरमधून वजाबाकी. कॉलबॅक इन्स्ट्रक्शन चालण्याआधी येतो, म्हणून तो निवडलेल्या इन्स्ट्रक्शनच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनला लावा. मिळालेली किंमत कुठल्या टास्कच्या स्टॅकच्या मर्यादेत पडते त्यावरून टास्क ओळखता येतो. टास्कचे स्टॅक स्टॅटिक दिले असतील तर मर्यादा मॅप फाइलमध्येच आहेत. नीचांकातून १०४ वजा करून आकडा स्टॅकच्या तळाखाली गेला, की चोर सापडला. तो त्या धावेत प्रत्यक्ष पकडला गेला नसला तरी चालेल. जीडीबीत हे सहज जमत नाही, म्हणूनच मी प्लगइनच्या बाजूने इतका बोलतोय.

तिसरी गोष्ट: टेस्टमध्ये किती कोड चालला

सोबतचं डीआरकॉव्ह प्लगइन याच कामाचं आहे. त्याची फाइल कव्हरेज (किती कोड चालला ते) दाखवणारी बरीच साधनं वाचतात. जीकॉव्हसारखं कव्हरेज मोजणारं काही फर्मवेअरमध्ये भरावं लागत नाही, फ्लॅश वाढत नाही, आणि जी बायनरी ग्राहकाकडे जाणार तीच तपासली जाते. स्वतः लिहायचं असेल तर प्रत्येक इन्स्ट्रक्शनला इनलाइन मोजणी लावा. रूपांतर झालं म्हणजे चाललं असं मोजू नका, कारण मध्येच फॉल्ट आला तर ब्लॉकची शेपटी कोरीच राहते. हे फक्त इन्स्ट्रक्शनचं कव्हरेज आहे. अटीतल्या प्रत्येक भागाची स्वतंत्र तपासणी, जी ओझरच्या विमान कारखान्यासारख्या ठिकाणच्या कामात मागितली जाते, ती यातून सिद्ध होत नाही. शीतगृहाला तेवढं कोणी मागत नाही. पण सेन्सर तुटल्यावर चालायचा कोड टेस्टमध्ये एकदाही चालला नाही हे दिसलं तरी पैसे वसूल.

पेरिफेरलबद्दल शेवटी. क्यूएमूत एसटीएम३२एफ४०५ धरून नेटडुइनो प्लस २ ही मशीन आहे, पण त्या चिपची सगळी उपकरणं तिच्यात नाहीत. जे नाही त्यावर फर्मवेअरने लिहिलं तर लॉगमध्ये दिसावं म्हणून न बनवलेल्या उपकरणांचा आणि गेस्टच्या चुकांचा असे दोन लॉग-प्रकार कायम चालू ठेवा. तुमचा एडीसी आणि रिले बोर्ड हुबेहूब हवा असेल तर रेनोड हा क्यूएमूसारखाच दुसरा प्रोग्राम बघा, उपकरणं जोडणं तिथे सोपं आहे. पण तिकडे ही प्लगइनं लागणार नाहीत. आणि नुसतं पीआयडीचं गणित तपासायचं असेल तर बोर्डच नको. तेवढा सी कोड एआरएम लिनक्ससाठी कंपाइल करून क्यूएमूच्या युजर मोडमध्ये चालवा, हॉटब्लॉक्स तिथेही जसंच्या तसं चालतं.

माझ्या मते क्रम असा ठेवा: आधी मॅप फाइल, मग आयकाउंट लावून स्टॅकच्या नीचांकाचं प्लगइन, त्यानंतर लिहिणाऱ्यांचा शोध. हॉटब्लॉक्स कधीही चालवा, त्याला अर्धा तास पुरेल. प्लगइन लिहिताना अडलात तर सोर्समधलं एक्झेकलॉग उघडा; पत्त्याने गाळणं आणि रजिस्टर वाचणं या दोन्हींचा चालणारा नमुना त्यात आहे, आणि स्टॅकवालं प्लगइन त्याचीच प्रत काढून, नको ते खोडून सगळ्यात लवकर होतं.